मेलेल्या गणपतचा चहा

जाड पुस्तक कापून वाचावे, हा शरच्चंद्र कर्णिकांचा कॉलेजपासूनचा शिरस्ता. माटुंग्याच्या टेक्निकल कॉलेजात असताना बॉयलरवरचा ठोकळ्याएवढा ग्रंथ तिघा मित्रांना मिळून एकच घेता आला, आणि परीक्षा मात्र तिघांचीही एकाच दिवशी होती. तेव्हा आग्नेलो परेराने दाढीच्या पात्याने त्या ग्रंथाची शिवण उसवली, त्याचे तीन भाग केले, प्रत्येक भाग सुईदोऱ्याने वेगळा शिवला आणि त्याला खाकी कागदाचे कव्हर चढवले. एकाचा भाग वाचून झाला की तो पुढच्याकडे जाई. तिघेही पास झाले. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, ज्या गिरण्यांत नोकऱ्या केल्या त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. पण पुस्तक कापायची सवय काही सुटली नाही. ग्रंथांच्या जागी कादंबऱ्या आल्या, एवढाच काय तो फरक पडला.

क्रमही ठरलेला होता. दादरला पोर्तुगीज चर्चमागे राहणारा आग्नेलो रद्दीवाल्याकडून पुस्तक शोधून आणी, कापी आणि पहिला वाची. त्याचा वाचून झालेला भाग परळला, भोईवाड्यात, शरच्चंद्रांकडे येई. तिथून तो लालबागच्या जयवंत सावंताकडे जाई. शेवटी जयवंत सगळे भाग पुन्हा एकत्र शिवून वाचनालयाला देऊन टाकी. पुढे दिलेला भाग परत मागायचा नाही, असा एक कडक नियम होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यावरून मारामारी होता होता राहिली होती, तेव्हापासूनचा तो नियम.

या खेपेला आग्नेलोने भयकादंबरी आणली. घनदाट अरण्य, त्यात शिरलेली वनखात्याची एक छोटी तुकडी आणि तिच्या मागावर असलेले एक अनामिक जनावर. कव्हरवर काळ्या झाडीतून दोन लाल डोळे रोखलेले होते.

"आग्नेलोभावजी, ह्यांना आत्ता कुठे हॉस्पिटलातून घरी आणलंय," ललिताबाई कव्हर पाहून म्हणाल्या, "आणि हे काय दिलंत वाचायला?"

"वहिनी, त्याने तिथे फुकटात जनावर बघितलं. आता जरा छापील बघू दे."

शरच्चंद्र हसले, कारण हसणे भाग होते. झाले होते असे, की उन्हाळ्यात त्यांना ताप आला, जुलाब झाले आणि अंगातले सोडियम उतरले. सोडियम उतरले की माणूस भलतेसलते बरळतो, हे आता मुंबईतल्या प्रत्येक घराला ठाऊक झाले आहे. पण स्वतःवर वेळ आली की त्या ज्ञानाचा उपयोग होत नाही. परळच्या हॉस्पिटलात शरच्चंद्रांना शेजारच्या खाटेजवळच्या सलाइनच्या स्टँडला एक केसाळ जनावर लटकलेले दिसले. त्यांनी नर्सला स्टीमचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितले. स्वतःच्या मुलाला, शंतनुला, त्यांनी "अरे फिटर" म्हणून हाक मारली. सोडियम वर आले आणि जनावर गेले. शंतनु आता तो किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगत असे. ललिताबाई त्यावर कधी हसत नसत.

घरी आल्यावर मात्र काही गोष्टी बदलल्या. दाराची किल्ली ललिताबाईंच्या कमरेला गेली. संध्याकाळचा फेरफटका एकट्याने मारायचा नाही, असे ठरले. मेंदूच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावले होते आणि तोवर विसरण्याचा काही प्रकार आढळला तर सांगा, असे बजावले होते. शंतनुने त्यापुढचेही बोलून ठेवले होते.

"बाबा, काही निघालंच, तर हे घर बंद. तुम्ही दोघं सरळ वडाळ्याला आमच्याकडे यायचं. आई एकटी कुठे पुरी पडणार?"

मुलगा मायेनेच बोलत होता, म्हणून तर त्याच्याशी वाद घालता येत नव्हता. पण आपले घर, आपला जिना, आपली हिंदमातापर्यंतची रपेट आणि मुख्य म्हणजे आपले डोके, हे सारे त्या एका तपासणीला टांगलेले आहे, हे शरच्चंद्रांना नीट कळत होते.

अशा मनःस्थितीत त्यांनी कादंबरी हाती घेतली. आपल्याला पुन्हा भीती वाटते का, हे पाहायचे होते. पहिला भाग संपेपर्यंत त्यांना भीतीच्या ऐवजी चीड येऊ लागली, आणि तेवढ्याने त्यांना बरे वाटले. दुपारच्या चहाला ललिताबाई भाजी निवडायला बसत, तेव्हा वाचलेला मजकूर त्यांना सांगायचा, हीही जुनी रीत. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर वाचवत नसे.

"अगं, हे जनावर उंचीने सागाच्या फांदीला टेकतं म्हणून लिहिलंय, आणि चार पानांनंतर ते तंबूत शिरून पोत्यामागे दबा धरून बसतं. त्याने अंग घडी घालून ठेवलं की काय?"

"असेल लवचीक."

"आणि हा सगळा डोंगर चढून जातात, तर नदीही बरोबर वर चढते. पाणी वर चढवायला पंप लागतो. ह्या लेखकाने पंप कुठे बसवलाय?"

"तुम्ही भिण्यासाठी वाचताय की तपासून सही करायला?" ललिताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या भागात तुकडीचा वाटाड्या गणपत गेला. साऱ्या पुस्तकात जिवंत वाटावे असे ते एकच पात्र होते. तो पावसात भिजलेल्या काटक्यांवरही चहा करी आणि कुणी घाबरले की त्याच्या हाती कप देई. त्याला जनावराने नदीत ओढून नेले आणि दुसऱ्या दिवशी त्याची हाडेच सापडली. शरच्चंद्रांना पहिल्यांदाच थोडे वाईट वाटले. दुसरा भाग त्यांनी जयवंतला पोचवला, आणि जयवंत दोन्ही भाग पिशवीत टाकून घराची कौले परतायला मालवणकडच्या गावी निघून गेला.

मग तिसरा भाग आला. त्याच्या आरंभीच पहाट झाली, धुके उतरले, आणि गणपतने सर्वांना चहा दिला.

शरच्चंद्रांनी ते वाक्य पुन्हा वाचले. पानांचे आकडे तपासले. ते दुसऱ्या भागाला लागूनच होते. एखादे पान शिवताना उलटे गेले असावे म्हणून शिवण तपासली. शिवण आग्नेलोची होती, म्हणजे निर्दोष. पुढे वाचले, तर गणपत लाकडे फोडत होता, विड्या ओढत होता, वाट दाखवत होता. तुकडीतल्या कुणालाही त्याचे नवल वाटत नव्हते.

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. गणपत मेला होता, असे आपल्याला वाटते आहे. म्हणजे तो मेला नव्हता. मग ते ओढून नेणे आपण कुठून आणले? जिथून सलाइनच्या स्टँडवरचे जनावर आणले होते, तिथूनच का?

पुस्तक चुकले असेल, हे त्यांच्या मनात आले नाही, याचे कुणाला नवल वाटेल. पण त्याला कारण होते. कॉलेजात ड्रॉइंग शिकवणारे राजाध्यक्ष सर प्रत्येक वर्गात एक वाक्य म्हणत: "कागद चुकला म्हणण्याआधी स्वतःचा डोळा तपासा." त्या वाक्यावर शरच्चंद्रांची सगळी नोकरी झाली होती. नकाशा आणि यंत्र जुळेना, की त्यांनी आधी स्वतःला दोष दिला होता आणि बहुतेक वेळा दोष खरोखर त्यांचाच निघाला होता. छापलेले पुस्तक चार जणांच्या हातून तपासून येते, अशी त्यांची समजूत होती.

दुसरा भाग मागवून पाहावा, तर नियम आडवा येत होता. ललिताबाईंना विचारावे, तर त्या लगेच शंतनुला कळवतील. मग त्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आंघोळ करताना तेराचा पाढा म्हटला. वाफेच्या दाबाचे आणि तापमानाचे जुने कोष्टक आठवून पाहिले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची हजेरी म्हटली. सारे आठवत होते. पण जुने राहते आणि नवे जाते, हेच तर त्या रोगाचे लक्षण, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्यामुळे जेवढे आठवे, तेवढी भीती वाढत जाई.

"आज नाही सांगितलंत पुढे काय झालं ते," ललिताबाई गवार मोडता मोडता म्हणाल्या.

"विशेष काही झालं नाही."

"जनावराने सुट्टी घेतली वाटतं."

अखेर त्यांनी आग्नेलोला फोन केला. थेट विचारायचा धीर होईना.

"तिसरा भाग वाचतोय."

"मग? ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तो... गणपत आहे ना."

"गणपतचं काय?" आग्नेलोने जपून विचारले.

"काही नाही. चहा चांगला करतो."

"हो हो, चहा चांगला करतो," आग्नेलो घाईघाईने म्हणाला. "चल रे, थेरेसा हाक मारतेय." आणि बायकोचे नाव घेऊन त्याने फोन ठेवला.

म्हणजे संपलेच. आग्नेलोने पुस्तक पुरे वाचले होते आणि त्याला त्यात काही खटकले नव्हते. शरच्चंद्र खिडकीशी बसून राहिले. खाली भोईवाड्याच्या कोर्टातून सुटलेले वकील काळे कोट हातावर टाकून चहाच्या टपरीशी उभे होते. ही खिडकीही आता किती दिवसांची, असे त्यांना वाटून गेले. लक्षण दिसले तर सांगायचे, असे डॉक्टरांना कबूल केले होते. न सांगणे म्हणजे मापकाचा काटा बोटाने मागे ढकलण्यासारखे होते, आणि तसे त्यांनी जन्मात केले नव्हते. तपासणीच्या दिवशी सगळे सांगून टाकायचे, असे त्यांनी ठरवले.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी आग्नेलो चौथा भाग घेऊन आला. बरोबर नेहमीप्रमाणे बेकरीतली खारी होती. पण नेहमीची बडबड नव्हती. दोघे मित्र समोरासमोर बसले आणि हवेबद्दल बोलू लागले. ही गोष्ट ललिताबाईंच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही. त्यांनी कॉफीचे कप ठेवले.

"काय हो भावजी, मेलं का शेवटी ते जनावर?"

"नका विचारू, वहिनी."

"बरं, माणसं किती उरली ते तरी सांगा. तो वनअधिकारी, ती मुलगी आणि फोटो काढणारा. गणपत तर बिचारा आधीच गेला."

आग्नेलोच्या हातातली खारी कॉफीत पडली. शरच्चंद्र अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

"काय म्हणालीस?"

"गणपत गेला म्हटलं. का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे काय! तुम्हीच. मी अळू चिरत होते, हाताला खाज सुटली होती, आणि तुम्ही त्याला नदीत ओढून नेलं म्हणून सांगत होतात. मी म्हटलं नाही का, की चहा करणाऱ्यालाच कशाला मारलं मेल्याने, दुसरं कुणी मिळालं नाही?"

"म्हटलं होतंस," शरच्चंद्र सावकाश म्हणाले. "आणि अळूत दाणे घातले होतेस."

"सायबा!" आग्नेलोने छातीवर क्रूस काढला आणि खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे तो मेला होता! शरद, अरे तो खरंच मेला होता! मला वाटलं, माझा वरचा मजला रिकामा व्हायला लागला. माझी आई शेवटी मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारायची, तुला ठाऊक आहे. मी थेरेसालासुद्धा बोललो नाही. रोज रात्री कपाळाला बाम लावून झोपतोय."

"मग फोनवर का नाही बोललास, गाढवा?"

"तूच म्हणालास ना, चहा चांगला करतो! मी म्हटलं, शरदसारखा माणूस त्याला जिवंत म्हणतोय, म्हणजे माझंच चुकलं."

"आणि मी म्हटलं, आग्नेलोने पुस्तक पुरं वाचलंय, त्याला काही वाटलं नाही, म्हणजे माझंच. शिवाय थेरेसा हाक मारतेय म्हणालास. तो बुधवार होता. बुधवारी थेरेसा माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला असते. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

ललिताबाई एकदा ह्याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहत होत्या. सगळा उलगडा झाल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"दोघे इंजिनियर! नदी डोंगर चढते तेव्हा लेखकाला नावं ठेवता, आणि मेलेला माणूस चहा घेऊन आला, तर स्वतःला वेडं ठरवता? पुस्तक चुकलं असेल, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?"

"नदी हा भौतिकशास्त्राचा प्रश्न होता, वहिनी," आग्नेलो खालमानेने म्हणाला. "गणपत हा वाचनाचा. राजाध्यक्ष सर..."

"खड्ड्यात गेले तुमचे राजाध्यक्ष सर!"

शरच्चंद्रांचे समाधान मात्र अजून पुरे झाले नव्हते. ललिताबाईंची साक्ष म्हणजे खुद्द शरच्चंद्रांनीच सांगितलेली गोष्ट होती, आग्नेलोला स्वतःचीच खात्री नव्हती. माप मूळ कागदावरूनच घ्यायला हवे. भाग परत मागायची बंदी होती; प्रश्न विचारायची नव्हती. त्यांनी जयवंतला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोण, शरद? बोल बेगीन, मी कौलार चढलंय!"

"जयवंत, दुसरा भाग वाचलास?"

"वाचलंय मरे. काय भिकार पुस्तक! ता जनावर एकदा माडाएवढा, एकदा मांजराएवढा."

"गणपतचं काय झालं?"

"गणपत? तो मेलो. नदीत ओढून न्हेल्यान तेका. दुसऱ्या दिसा हाडां गावली, रडारड झाली, सगळा झाला. कित्या? परत इलो काय?"

"आला. तिसऱ्या भागात सगळ्यांना चहा देतो."

पलीकडून असा काही हसण्याचा लोट आला, की हा माणूस आता कौलांवरून खाली येतो की काय, अशी ललिताबाईंना धास्ती वाटली. "मगे तेका हय धाड!" जयवंत ओरडला. "हय चाय करूक कोण नाय!"

मग शरच्चंद्रही हसले. कपाट धरून, डोळे पुसत, खोकला येईपर्यंत हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या छातीवरची शिळा कुणीतरी उचलून बाजूला ठेवली होती. आणि मग त्यांनी हॉस्पिटलातल्या जनावराची गोष्ट स्वतः होऊन सांगितली. आजवर ती फक्त शंतनु सांगत आला होता.

"एक सांगतो, आग्नेलो. माझं जनावर ह्या जनावरापेक्षा सरस होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याची उंची एकच राहिली. आणि ते लटकलं, तेव्हा सलाइनचा स्टँड वजनाच्या बेताने वाकला होता. सोडियम उतरलेल्या माणसाला जेवढं भान होतं, तेवढं ह्या लेखकाला नाही."

या वेळी ललिताबाईही हसल्या.

चौथा भाग त्यांनी तिथेच मोठ्याने वाचून काढला, पाळीपाळीने. अरण्यातले ते भीषण जनावर शेवटी स्वतःच्याच पायात पाय अडकून दरीत पडले. ते कोण होते, कुठून आले, कशासाठी मागे लागले होते, यांपैकी कशाचाही खुलासा लेखकाने केला नाही. वाचलेली माणसे शेकोटीभोवती बसली आणि गणपतने चहा टाकला.

"इतकं टाकाऊ पुस्तक मी आयुष्यात वाचलं नाही," आग्नेलो तृप्तपणे म्हणाला.

"मीही नाही," शरच्चंद्र म्हणाले. असा अपेक्षाभंग त्यांनी कितीही वेळा सोसला असता.

आग्नेलो निघायला उठला, तेव्हा शरच्चंद्रांच्या मनात एक विचार आला. जयवंत हे भाग शिवून वाचनालयाला देणार. तिथे दुपारी पंख्याखाली कोण बसते? आपल्यासारखेच. त्यातला एखादा तिसऱ्या भागाशी येईल, आणि त्याला विचारायला जवळ कुणी नसेल. त्यांनी पांढरा कागद कापला, ड्रॉइंगच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर डिंकाने चिकटवल्या.

"सूचना. या भागात चहा करणारा गणपत मागेच मरण पावलेला आहे. चूक छापील आहे. वाचकाने स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊ नये. तपासले: श. कर्णिक, आ. परेरा."

आग्नेलोने तो भाग डोळ्यांपासून लांब धरून चिठ्ठी वाचली आणि आपल्या नावापुढे नीटस सही केली.

संध्याकाळी शंतनुचा फोन आला. "बाबा, उद्या डॉक्टरांना काही सांगायचंय का? लपवू नका हं."

"लपवायचं काही नाही. एक पुस्तक वाचलं, फार वाईट निघालं. ते सविस्तर सांगणार आहे. डॉक्टरांना वेळ आहे का, तेवढं विचारून ठेव."

पण त्याआधी, आग्नेलो जिन्याशी पोचला तेव्हा, ललिताबाईंनी कमरेची किल्ली काढून नवऱ्यापुढे धरली होती. "भावजींना बसस्टॉपपर्यंत सोडून या. आणि येताना आलं आणा, चार लिंबं आणा. मी काही बरोबर येत नाही, माझे पाय दुखतात."

पाय दुखत नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होते. शरच्चंद्रांनी किल्ली खिशात टाकली आणि कठड्याला हात न लावता जिना उतरले. बस येईपर्यंत पुढच्या पुस्तकाचा वाद झाला. मग बाजारातून ते सावकाश, रमतगमत परत आले.

आले आणले. लिंबे विसरले. ललिताबाईंनी पिशवी उलटी करून दाखवली, तेव्हा शरच्चंद्र म्हणाले, "राहिली वाटतं," आणि शांतपणे चप्पल सारून पेपर वाचायला बसले.